सणाचा घास आणि साखरेचें माप

भाद्रपद महिन्यांत अनुराधा नक्षत्रावर महालक्ष्म्या घरीं येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर निरोप घेतात. वर्धा जिल्ह्यांत, किंबहुना साऱ्या विदर्भांत, ज्या घरीं त्या बसतात त्या घरीं हा मधला दिवस वर्षांतील सर्वांत मोठ्या जेवणाचा असतो. वर फुलोरा टांगलेला, पुढें सोळा भाज्या, ज्वारीची आंबील, कढी, वडे, आणि या सर्वांच्या मध्यभागीं पुरणपोळी. बाहेरगांवीं नोकरीस असलेलीं मुलें याच दिवसासाठीं रजा काढून येतात. श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं असली पंगत पाहिली असेल. आणि अलीकडे त्या पंगतींत एक ताट निराळें वाढलेलें असतें, हेंहि त्यांच्या नजरेंतून सुटलें नसेल.

त्या ताटावर बहुधा घरांतील सर्वांत वडील माणूस बसलेलें असतें. "मामंजी, आपलें ताट वेगळें काढलें आहे," असें सूनबाई आदबीनें सांगते. ताटांत दोन कोरडे फुलके, भाजी, थोडी कढी. सुनेचा हेतु निर्मळ असतो. मधुमेह झालेल्या सासऱ्यास जपावें, एवढेंच तिच्या मनांत असतें. परंतु ज्या म्हाताऱ्यानें साठ वर्षें या पंगतीचें यजमानपद केलें, किंवा ज्या म्हातारीनें घरांतील तीन सुनांना पुरण शिजवावयास शिकविलें, तिला त्या दिवशीं आपल्याच घरीं आजारी पाहुण्यासारखें वाटतें. मग दुपारीं सारें घर कलंडलेलें असतां स्वयंपाकघरांतील पोळ्यांच्या डब्याचें झांकण हळूच उघडतें. पंगतींत सर्वांदेखत अर्धी पोळी दिली असती तर जें सुखानें निभावलें असतें, तें आडोशाला दोन पोळ्यांवर जातें, आणि त्या दोन पोळ्यांचा हिशेब ना घराला लागतो ना डॉक्टरांना.

ही अडचण आतां थोड्या घरांची राहिलेली नाहीं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्यानें देशभर जी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत भारतांतील मधुमेह्यांची संख्या १० कोटींहून अधिक असल्याचें अनुमान निघालें, आणि जे मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे आहेत त्यांची संख्या १३ कोटी ६० लाखांच्या घरांत गेली. म्हणजे ज्या पंगतींत वीस-पंचवीस मोठीं माणसें बसतात, तींत दोन-तीन जण तरी असे असावयाचेच. मग ते स्वतःस ठाऊक असो वा नसो. तेव्हां एकट्याचें ताट वेगळें काढण्याऐवजीं साऱ्या पंगतीचीच गोडी थोडी उतरवितां येईल काय, आणि ती उतरविली तरी सण सणासारखा राहील काय, हा विचार करण्याची वेळ आलेली आहे.

वर्ध्यास साखरेचा विचार नवा नाहीं. १९३४ सालच्या डिसेंबरांत येथें अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनीं त्यासाठीं आपला बगीचा आणि त्यांतील घर दिलें, आणि त्या जागेला मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ मगनवाडी हें नांव मिळालें. जे. सी. कुमारप्पा हे संघाचे सूत्रधार होते. गांधीजी स्वतः १९३५ सालीं मगनवाडींत राहावयास आले आणि १९३६ च्या एप्रिलअखेर शेगांवास, म्हणजेच आजच्या सेवाग्रामास गेले. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचें पीठ, घाणीचें तेल, सोयाबीन अशा कितीतरी पदार्थांचे प्रयोग तेथें आहारांत झाले. (ज्या सोयाबीनचे तेथें १९३५ सालीं कौतुकानें प्रयोग चालले, तेंच आज जिल्ह्याच्या शेतोशेतीं उभें असतें, आपल्या स्वयंपाकघरांत मात्र तें अजून परक्यासारखेंच वागतें.) याच प्रयोगांत गिरणीच्या पांढऱ्या साखरेऐवजीं गुळाचा पुरस्कार होता, आणि गुळांतहि ताडगुळाचा. गजानन नाईक यांनीं तें काम हातीं घेतलें होतें. शिंदी आणि ताड यांचा रस पहांटे उतरवून, तो आंबण्यापूर्वींच कढवून त्याचा गूळ करावयाचा, ही ती कल्पना.

या कल्पनेमागील कारणें नीट ध्यानांत घेतलीं पाहिजेत, कारण तीं विसरल्यामुळेंच आज मोठा घोटाळा झाला आहे. ताड-शिंदीचीं झाडें पडीक जमिनीवर वाढतात. त्यांच्या रसाचा गूळ झाला तर उसाखालची चांगली जमीन धान्याला मोकळी होते. जो रस ताडी होऊन गांवाचें वाटोळें करतो, तोच अन्न होऊन येतो. पासी-भंडाऱ्यांना प्रतिष्ठेचें काम मिळतें. शिवाय गुळांत थोडे क्षार आणि लोह राहतें, तें पांढऱ्या साखरेंत राहत नाहीं. हीं कारणें आपापल्या परीनें भक्कम आहेत. परंतु मधुमेह्यानें गूळ खावा, असें कांहीं त्यांतून निघत नाहीं. गूळ श्रमाच्या आणि गांवाच्या दृष्टीनें चांगला म्हणून तो रक्तांतील साखरेच्या दृष्टीनेंहि निरुपद्रवी, अशी उडी लोकांनीं आपल्या मनानें मारली, आणि आज सणाच्या दिवशीं "यांत साखर नाहीं, गूळ आहे, घ्या तुम्ही," असा आग्रह घरोघरीं ऐकूं येतो.

वस्तुस्थिति अशी कीं, १०० ग्रॅम गुळांत जातीपरत्वें सुमारें ८० ते ९० ग्रॅम शर्कराच असते. ताडगुळाचीहि गोष्ट फारशी निराळी नाहीं. मधांत शेंकडा ८० च्या आसपास शर्करा असते. वाळलेल्या खजुरांत ती ६० ते ७० पर्यंत जाते. बाजारांत 'साखरविरहित' अशी चिठ्ठी लावून खजूर-अंजिराचे लाडू मिळतात. चिठ्ठींतील शब्द खोटा नसतो, पण त्यावर विश्वासून चार लाडू खाणाऱ्याची फसवणूक व्हावयाची ती होतेच. गुळांतील लोहाचें म्हणाल, तर तें पुरेसें मिळावें एवढा गूळ खाल्ला असतां लोहापूर्वीं साखरच अंगावर यावयाची. तेव्हां गूळ वापरावा, अवश्य वापरावा, त्याची चव साखरेला नाहीं. परंतु तो वजन करूनच वापरावा आणि साखरेच्याच खात्यांत मांडावा.

आतां थोडें गणित. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं असें सांगितलें कीं, वरून घातलेली साखर, गूळ, मध वगैरेंतून मिळणारी शक्ति दिवसाच्या एकूण शक्तीच्या दहाव्या हिश्शाहून कमी असावी, आणि विसाव्या हिश्शाहून कमी ठेवतां आली तर अधिक बरें. साधारण २००० कॅलरींचा आहार धरला, तर पहिली मर्यादा ५० ग्रॅम आणि दुसरी २५ ग्रॅम होते. दिवसांतून चार कप चहा पिणारा, आणि प्रत्येक कपांत दोन चमचे साखर घेणारा मनुष्य आपल्याकडे मुळींच विरळा नाहीं. चमचा ४ ग्रॅमांचा धरला तर त्याच्या पोटांत दिवसाला ३२ ग्रॅम, आणि वर्षाला ११ किलो ६८० ग्रॅम साखर केवळ चहावाटे जाते. होळी, अक्षय्य तृतीया, पोळा, महालक्ष्म्या असे वर्षांत पुरणाचे आठ दिवस धरा. प्रत्येक दिवशीं तीन पोळ्या, आणि पोळीस २० ग्रॅम गूळ. वर्षाचा गूळ झाला ४८० ग्रॅम. अर्धा किलोहि नाहीं!

ज्या घरीं आजोबांची पुरणपोळी बंद झाली आहे, त्या घरीं त्यांचा सकाळचा गोड चहा पुष्कळदां चालूच असतो. वर्धा हा कापूस-ज्वारीचा मुलूख. येथें उसाचे मळे पूर्वींपासून थोडेच. गूळ बाजारांतून विकत यावयाचा, म्हणून गोड हें सणाला बांधलेलें होतें आणि सण पंचांगाला. तें बंधन चहानें, बिस्किटांनीं आणि बाटलींतील पेयांनीं सोडविलें. अपराध वर्षभराचा आणि शिक्षा मात्र सणाच्या दिवशीं, असा हा न्याय आहे. साखर कोठें तोडावयाची असेल तर ती आधीं रोजच्या कपांत तोडावी, म्हणजे सणाच्या घासाला थोडी सवड मिळते.

मात्र मधुमेह्याच्या बाबतींत वर्षाचा हिशेब पुरत नाहीं. त्याला एका जेवणाचाहि हिशेब द्यावा लागतो, कारण एकाच वेळीं आलेली साखर त्याचें रक्त तेव्हांच चढवितें. म्हणून आतां पोळीकडे वळावयाचें.

विदर्भाच्या पुरणपोळीचा थाट निराळा. पुण्याकडील पातळ पोळीपेक्षां ती जाड, तिच्यांत पुरण ठासून भरलेलें, आणि तुपाची तर धारच. सर्वसाधारण प्रमाण म्हणजे हरभऱ्याच्या डाळीइतकाच गूळ किंवा साखर. २०० ग्रॅम डाळ आणि २०० ग्रॅम गूळ घेतला तर अशा जाड दहा पोळ्या होतात. वर सांगितलेले २० ग्रॅम ते याच हिशेबानें. हें प्रमाण वेदवाक्य नव्हे. २०० ग्रॅम डाळीला १२० ग्रॅम गूळ घातला तरी पुरण गोडच लागतें, आणि पोळीमागें गूळ १२ ग्रॅमांवर येतो. पोळी तळहाताएवढी, म्हणजे निम्म्या आकाराची लाटली तर तो ६ ग्रॅमांवर येतो. अशी एक लहान पोळी आणि अर्ध्या कपाचा एक गोड चहा यांत मग फारसें अंतर उरत नाहीं. एकदम ८० ग्रॅमांची काट केली तर घरांतील तरुण मंडळी तोंड वांकडें करतील. म्हणून पहिल्या सणाला १६० ग्रॅम आणि पुढच्याला १२० अशी पायरी घ्यावी. पुष्कळांस बदल झाल्याचें कळतहि नाहीं. न सांगतां करावें, हें उत्तम.

आणि येथें देवाचा एक नियम मोठ्या उपयोगाचा आहे. नैवेद्याचा पदार्थ चाखून पाहावयाचा नसतो. त्यामुळें सुगरण अंदाजानें गूळ घालते, आणि कमी पडूं नये या भीतीनें मूठभर अधिकच घालते. चाखतां येत नसेल तर तोलतां तरी येतें. गूळ कापून, तोलून, वाटींत वेगळा ठेवला म्हणजे हातून जास्त पडत नाहीं, आणि सोवळ्यालाहि बाध येत नाहीं. देवीला कमी गोड कसें चालेल, अशी शंका वडीलधाऱ्या बायका काढतात. तिला उत्तर सोळा भाज्यांच्याच शेजारीं ठेवलेलें आहे: ज्वारीची आंबील देवीला प्रिय मानली जाते, आणि तिच्यांत तर पक्वान्नाचा डौल कांहींच नसतो.

गूळ कमी केल्यानें पुरणांत काय फरक पडतो तें ठाऊक असावें, नाहीं तर पहिल्याच प्रयोगास अपयश येऊन उद्योग बंद पडतो. गूळ वितळून पुरण आधीं सैल होतें आणि आटतां आटतां घट्ट होतें. गूळ कमी असला कीं तें लवकर घट्ट होतें आणि थंड झाल्यावर कोरडें पडून लाटतांना पोळी फाटते. यास्तव डाळ चांगली मऊ शिजवावी, तिच्यांतील पाणी अगदीं निथळून टाकूं नये, आणि पुरण थोडें ओलसर असतांनाच चुलीवरून उतरवावें. वेलदोडा आणि जायफळ किंचित् वाढवावें; त्यांच्या सुवासानें जिभेला गोडी अधिक भासते. चिमूटभर मीठ विसरूं नये. पोळी गरमच वाढावी, कारण तोच पदार्थ थंडपेक्षां गरम असतांना अधिक गोड लागतो. आणि हें पुरण शिळें ठेवूं नये. साखर पदार्थांतील पाणी बांधून ठेवते, म्हणून पूर्वींचें पुरण दुसऱ्या दिवशींहि टिके. कमी गोडाचें पुरण भाद्रपदाच्या दमट हवेंत रात्रींतच आंबूं लागतें. लागेल तेवढेंच करावें, किंवा थंडपेटींत ठेवावें.

पुरणाचा आणखी एक गुण सांगितला पाहिजे. हरभऱ्याची डाळ ही पोटांत सावकाश पचते; तिच्यांत प्रथिनें आणि तंतु भरपूर असतात, आणि तिच्यामुळें रक्तांतील साखर मैद्याच्या पदार्थाइतकी झपाट्यानें चढत नाहीं. म्हणजे गुळाची बाजू आवरली तर ही पोळी मिठाईच्या दुकानांतील कोणत्याहि पेढ्या-बर्फीपेक्षां सोज्ज्वळ ठरते. मात्र डाळ आणि कणीक यांचीहि शेवटीं शर्कराच होते, हें मधुमेह्यानें विसरूं नये. तुपाविषयीं एवढेंच कीं तें साखर नव्हे, पण त्याच्या एका ग्रॅमांत साखरेच्या दुपटीहून अधिक शक्ति असते. वाटी कलती करण्याऐवजीं चमचा वापरावा. वऱ्हाडी-वैदर्भी पाहुणा यावर रागावेल, तर त्यानें दुसरा चमचा मागून घ्यावा.

सर्वच पक्वान्नांत अशी काट चालत नाहीं, आणि हें न समजल्यानें पुष्कळ गृहिणी हात पोळून घेतात. ज्या पदार्थांत साखर केवळ चवीसाठीं असते, तेथें ती कमी करतां येते. जेथें ती पदार्थाचा सांगाडा असते, तेथें येत नाहीं. अनारशाच्या पिठांत गूळ कमी पडला तर तो जाळीदार होत नाहीं. चिक्कीचा पाक कमी केला तर चिक्की होतच नाहीं, नुसते दाणे राहतात. जिलबी पाकावांचून म्हणजे तळलेला मैदा. असल्या पदार्थांना सुधारावयाच्या भरीस पडूं नये. ते आहेत तसे, पण लहान आणि थोडे करावे. अनारसा रुपयाएवढा थापला तरी अनारसाच राहतो. वर्ध्याच्या गोरस भांडारांतील गोरसपाक पाहुण्यास आवर्जून देण्याची येथें रीत आहे. तीहि मोडण्याचें कारण नाहीं, एकाचे चार तुकडे करून दिले म्हणजे झालें.

या भेदाचें चांगलें उदाहरण संक्रांतीच्या तिळगुळांत सांपडतें. पाकांतील लाडवाला गूळ बांधून धरतो, म्हणून तिळाइतका गूळ घालावाच लागतो. पण तीळ खमंग भाजून कुटले तर त्यांचें तेल सुटतें, आणि तेंच लाडू वळण्यास मदत करतें. अशा कुटाला तिळाच्या निम्मा गूळ पुरतो. पाकाचा चटका नाहीं, दांतांना त्रास नाहीं. म्हाताऱ्या माणसांना हा लाडू दोन्ही अर्थांनीं सोसतो.

विदर्भांत ज्याला कोहळें म्हणतात त्या लाल भोपळ्याचीं बोंडें पुष्कळ घरीं होतात. कोहळें पुरतें पिकलेलें आणि आंतून गर्द केशरी असलें तर त्याची स्वतःची गोडी एवढी असते कीं गूळ निम्म्यावर आणतां येतो. कोंवळें कोहळें घेऊन त्याची उणीव गुळानें भरून काढणें हा आळस आहे. बोंडें तळलेलीं असतात, हा त्यांचा दोष राहतोच. उन्हाळ्यांत आमरस आणि सरगुंडे ही तर या भागाची खास मेजवानी. आंब्याच्या १०० ग्रॅम गरांत १४ ग्रॅमांच्या आसपास शर्करा निसर्गानेंच घातलेली आहे. तींत आणखी साखर घालणें म्हणजे आंब्याचा अपमान करणें होय. रस आंबट निघाला तर त्याचें पन्हें करावें.

श्रीखंडाचें मर्म दह्यांत आहे. आंबट दह्याचा चक्का जितका आंबट, तितकी साखर अधिक लागते, आणि म्हणूनच चक्क्याबरोबरीनें साखर घालण्याची चाल पडली. दही ताजें, नुकतेंच लागलेलें घेतलें आणि गार जागीं टांगलें तर ५०० ग्रॅम चक्क्याला २०० ग्रॅम साखर पुष्कळ होते. साखर कमी असल्यानें चक्का सैल पडत नाहीं. दोन चमचे दूध घालून तो सारखा करून घ्यावा. बासुंदी आटवितांना दुधांतील मूळ शर्कराच दाट होत जाते, म्हणून निम्मी आटलेल्या बासुंदीला साखर नांवापुरती लागते. परंतु ती दुधाची शर्कराहि शर्कराच, म्हणून वाटी लहान.

आतां कृत्रिम गोडीविषयीं. सॅकरीनचा शोध १८७९ सालीं लागला, तेव्हांपासून साखरेवांचून गोडीचा मोह माणसास सुटलेला नाहीं. आज ॲस्पार्टेम, सुक्रलोज, स्टीव्हिया अशीं कितीतरी द्रव्यें गोळ्या-भुकटीच्या रूपानें मिळतात. ॲस्पार्टेम फार वेळ तापविल्यास त्याची गोडी नाहींशी होते, तेव्हां तें पुरणांत शिजवूं नये. शिवाय हीं द्रव्यें चिमूटभरच लागत असल्यानें साखरेचा भरीवपणा त्यांना नसतो; लाडू वळत नाहीं, पाक होत नाहीं. वजन आटोक्यांत ठेवण्यासाठीं त्यांचा आश्रय करूं नये, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ च्या मे महिन्यांत सांगितलें. ज्यांना आधींच मधुमेह आहे, त्यांना मात्र तो सल्ला लागू केलेला नाहीं. मधुमेह्याच्या चहांत अशी एखादी गोळी पडली, तर तक्रारीचें कारण नाहीं. पण साऱ्या घराच्या सणाचें पक्वान्न त्यांवर उभारणें हें बरें दिसत नाहीं. जिभेची गोडीची हांव आहे तेवढीच राहते, आणि लहान मुलांना जी अतिगोडाची चट लागते ती लागतेच.

शेवटीं ज्याच्यासाठीं हा सारा खटाटोप, त्या माणसाच्या ताटाकडे यावें. पोळी द्यावयाची ती फुलक्या-भाताच्या शिवाय म्हणून नव्हे, तर बदली म्हणून. एक लहान पोळी घेतली तर एक फुलका कमी करावा आणि भाताला हात लावूं नये. आपल्याकडे पंगतींत पहिला घास गोडाचा घेण्याची पद्धत आहे. मधुमेह्यानें ती उलटी करावी. आधीं भाज्या आणि कढी पोटांत गेली आणि मग पोळी आली, तर साखर सावकाश चढते. सोळा भाज्या समोर असतां ही सोय करणें कठीण नाहीं. जेवून लगेच लवंडण्याऐवजीं पंधरा मिनिटें अंगणांत फिरावें.

याहूनहि महत्त्वाची एक गोष्ट आहे, आणि तिच्याकडे घरच्यांचें लक्ष क्वचित् जातें. महालक्ष्म्यांचा नैवेद्य दुपारीं दोन-तीनपर्यंत लांबतो. सकाळीं औषधाची गोळी घेऊन किंवा इन्सुलिन टोंचून बसलेला वृद्ध तोंवर उपाशी राहिला, तर त्याची साखर चढण्याऐवजीं धोक्याइतकी उतरूं शकते. अंगाला घाम, हातांना कांप, डोळ्यांपुढें अंधारी, बोलण्यांत गोंधळ हीं त्याचीं लक्षणें. असें दिसतांच नैवेद्याची वाट न पाहतां तीन चमचे साखर पाण्यांत विरघळवून द्यावी, आणि शुद्ध हरपली असेल तर तोंडांत कांहींहि न घालतां तडक दवाखाना गांठावा. कमी गोडाचा लाडू किंवा कृत्रिम गोडीचें पेय या वेळीं कामाचें नाहीं; तेथें खरी साखरच पाहिजे. सणापूर्वीं आठवडाभर डॉक्टरांस विचारून त्या दिवसाच्या औषधाची वेळ ठरवून घ्यावी, आणि देवाची परवानगी मागून सकाळीं थोडें खाऊन घ्यावें. सेवाग्रामास कस्तुरबा रुग्णालय आहे. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, १९६९ सालीं, तेथें वैद्यकीय महाविद्यालयहि सुरू झालें. वर्धा-सेवाग्रामच्या पंचक्रोशींतील माणसानें तरी रक्त तपासून घेण्याचा कंटाळा करूं नये.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं तान्हा पोळा येतो. सिंदी रेल्वेसारख्या गांवीं तर त्याचा थाट मोठाच असतो. मुलें लांकडी बैल घेऊन घरोघर जातात आणि बोजारा मागतात. पूर्वीं ओंजळींत पैसा-दोन पैसे आणि घरचें कांहीं खाणें पडे. आतां चॉकलेटें आणि गोळ्या पडतात, आणि वीस घरें फिरून आलेल्या मुलाच्या पिशवींत संध्याकाळीं त्यांचा ढीग असतो. येथें आजीबाईंनीं पुढाकार घ्यावा. फुटाणे, मुरमुरे, भाजलेले शेंगदाणे, तिळाच्या कुटाचा एक लहान लाडू आणि एक नाणें असा बोजारा एका आळींतील चार घरांनीं ठरवून दिला, तर पांचवें घर आपण होऊन विचारावयास येईल कीं फुटाणे कोठून आणले.